आज आकाश निरभ्र नाही

साखरपुडा बारा वाजून दहा मिनिटांचा होता आणि अरुंधती पावणेबारालाच दाखवून घ्यायची असं ठरलं होतं, कारण साडेबाराला पहिली पंगत बसायची होती.

भर दुपारी तारा दाखवायचा यात कुणालाच वावगं वाटलं नाही. पूर्वीही वाटत नव्हतं. लग्नात गुरुजी नवरा-नवरीला उत्तरेकडे तोंड करून उभं करायचे, बोट वर करायचे आणि दोघं कार्यालयाच्या पंख्याकडे बघून 'दिसली' म्हणायचे. वैजयंती शिराळकरच्या स्वतःच्या लग्नात गुरुजींनी चुकून दक्षिणेकडे बोट केलं होतं. "गुरुजी, उत्तर त्या बाजूला," असं नवरीनंच सांगितल्याचं तिच्या सासरी पुढे दहा वर्षं ऐकवलं जात होतं. वैजयंतीला चुकीची दिशा खपत नसे. गेली एकतीस वर्षं ती कराडच्या तारांगणात निवेदिका होती.

आता, म्हणजे २०४१ साली, पंख्याकडे बघावं लागत नव्हतं. आता कार्ड होतं.

तळहाताएवढं, गडद निळं कार्ड. त्यावर सप्तर्षींचे सात चंदेरी ठिपके. शेपटीच्या टोकाकडून दुसरा ठिपका वसिष्ठाचा, आणि त्याला लागून एक रिकामं, मोहरीएवढं भोक. कार्डाच्या खालच्या कडेला मुलीच्या रक्ताचा एक थेंब आणि शेजारी तिच्या आईच्या रक्ताचा एक थेंब सोडायचा. वीस मिनिटं थांबायचं. मुलगी 'स्वच्छ' असेल तर त्या भोकात पांढरा प्रकाश उमटायचा. मग टाळ्या, मग पेढे. चाचणी ऐच्छिक होती. तिला चाचणी कुणीच म्हणत नसे. सगळे अरुंधतीदर्शनच म्हणत.

केतकीनं बोट पुढे केलं. ती जनावरांची डॉक्टर, वय अठ्ठावीस. "गाईला टोचते तेव्हा ती निदान लाथ तरी मारते," ती म्हणाली. शेजारी बसलेला श्रेयस मसूरकर हसला. त्याची आई अंजलीताईही हसल्या, जरा उशिरा.

वीस मिनिटांनी कार्ड बोलू लागलं. आवाज स्वच्छ, ठाम, ओळखीचा होता. तो वैजयंतीचाच होता.

"उत्तरेकडे पाहा. हे सात तारे म्हणजे सप्तर्षी. शेपटीकडून दुसरा, तो वसिष्ठ. त्याच्या खांद्याशी, नीट पाहिलं तरच दिसते ती अरुंधती."

सगळ्यांच्या नजरा त्या भोकावर.

"आज आकाश निरभ्र नाही. अरुंधती दिसत नाही."

पेढ्यांचं ताट घेऊन आलेला वाढपी होता तिथंच थांबला. अंजलीताई म्हणाल्या, "कार्डच खराब असेल. दुसरं आणा." दुसरं आणलं. पुन्हा दोन थेंब, पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा वैजयंतीचा आवाज, पुन्हा तेच वाक्य. मुहूर्त केव्हाच टळून गेला होता.

शेवटी श्रेयसचे मामा उठले आणि मोठ्यानं म्हणाले, "स्वयंपाक झालाय. अन्नाचा अपमान नको. सगळ्यांनी जेवून घ्या."

आणि एकशे चाळीस माणसं जेवली. मठ्ठा पुन्हा मागून घेतला. जाताना मसूरकरांनी ओटीचा नारळ आणि साडी टेबलावर ठेवली, घडी न मोडता.

*

त्या आवाजाची गोष्ट अशी. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीची दोन माणसं तारांगणात आली होती. लग्नातल्या अरुंधतीदर्शनासाठी शास्त्रशुद्ध निवेदन हवं म्हणाली. वैजयंतीला आनंद झाला. तिनं त्यांच्या मजकुरात पाच चुका काढल्या. ईशान्येचं उत्तर केलं. ध्वनिमुद्रण संपताना तिनंच विचारलं, "आणि ढगाळ दिवसासाठी? त्यासाठीही एखादं वाक्य लागेल ना?" ती माणसं एकमेकांकडे बघून म्हणाली, "लागेल मॅडम. छान सुचवलंत." मग तिनं ते वाक्य स्वतःच रचलं, दोनदा म्हणून पाहिलं आणि दुसरं चांगलं आलं म्हणून ते ठेवायला सांगितलं.

कार्ड बाजारात आलं तेव्हा ढग म्हणजे काय ते तिला कळलं. तिनं कंपनीला पत्र लिहिलं. उत्तरात कराराचं सातवं कलम आलं: आवाज आता कंपनीच्या मालकीचा. तिनं पुन्हा लिहिलं नाही. बाजारात बायका थांबवून म्हणायच्या, "ताई, तुमचा आवाज ऐकला हो. सुनेची अरुंधती दिसली." ती हसायची. तारांगणाच्या पत्त्यावर 'अरुंधतीचा आवाज' असं नाव घालून तीन पत्रंही आली होती, तिन्ही मुलींची. ती तिनं वाचून खणात ठेवली. उत्तर एकालाही दिलं नाही.

*

घरी आल्यावर केतकीनं साडी सोडून रोजचा शर्ट चढवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. "बाबा, विचारा."

उमेश शिराळकर निवृत्त चित्रकला शिक्षक. आयुष्यात त्यानं मुलांवरही कधी आवाज चढवला नव्हता. "मी काही विचारणार नाही," तो म्हणाला.

"विचारा. नाही विचारलंत तर मनात राहील."

"नाही राहणार."

"राहतं बाबा. त्या मामांच्या पण राहिलंय आणि तुमच्या पण राहील. मी सांगते. मला कधीही दिवस गेलेले नाहीत. झालं? आता कार्ड काय म्हणतं ते ऐका."

तिनं पोळपाटावरच्या पिठात बोटानं एक वर्तुळ काढलं.

बाई गरोदर असते तेव्हा बाळाच्या काही पेशी वारेतून तिच्या रक्तात उतरतात. बाळ जन्मतं, मोठं होतं, कुठंही जातं, पण त्या पेशी तिच्या शरीरात वीस-तीस वर्षंही टिकतात. लाखात एखादी, पण असते. तशीच आईचीही एखादी पेशी बाळात उतरून राहते. डॉक्टरांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. नवं इतकंच, की ही लाखातली एक पाहुणी पेशी आता बोटाच्या थेंबात सापडते. कार्ड मुलीच्या रक्तातल्या परक्या पेशी शोधतं, त्यातून आईच्या वजा करतं आणि उरली एखादी तर ती मुलीच्या पोटी राहिलेल्या बाळाची, असं धरून चालतं.

"धरून चालतं," केतकी म्हणाली. "कार्डाला पाहुणी दिसते. ती कुठून आली ते दिसत नाही. खोंडाबरोबर जुळी जन्मलेली कालवड असते ना, तिच्या रक्तात आयुष्यभर त्या खोंडाच्या पेशी फिरतात. माझ्या गोठ्यातल्या कुठल्याही गड्याला विचारा, तो कालवड घेण्याआधी जुळ्याची चौकशी करतो. म्हणून ती कालवड छिनाल ठरत नाही."

उमेशनं खाली पाहिलं.

"माझ्यात कुणाच्या तरी पेशी आहेत. मला कधी रक्त चढवलेलं नाही. राहिलं काय?" केतकी आईकडे वळली. "आई, माझं जुळं होतं का? सुरुवातीला दोन दिसले आणि मग एक राहिलं, असं काही?"

"नाही," वैजयंती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की." आणि ती पोळपाट धुवायला घेऊन गेली.

तिला कार्यालयातच कळलं होतं. दुसरं कार्ड काळं राहिलं त्या क्षणी.

*

सोमवारी तिनं तारांगणाच्या गच्चीवरून कंपनीच्या सौमित्र नावाच्या अधिकाऱ्याला फोन लावला. ध्वनिमुद्रणाला आलेल्या दोघांतला तो एक. तो खूप अदबीनं बोलत होता.

"मॅडम, होतं असं कधीकधी. आईला आधीचं मूल झालेलं असलं की त्याच्या पेशी आईत राहतात, आणि पुढच्या बाळात उतरतात. मोठ्या भावाच्या पेशी धाकट्या बहिणीत. आम्ही त्याला बंधू-वजावट म्हणतो. आईचं निवेदन घेतो, मोठ्या प्रयोगशाळेत पेशी ताडून बघतो, तीन आठवड्यांत सुधारित प्रमाणपत्र देतो."

"शंभरात किती मुलींचं असं होतं?"

"सात-आठ. माहितीपत्रकात आहे मॅडम. पान तीन."

"आणि त्या तीन आठवड्यांत ठरलेलं लग्न थांबतं?"

"ते कुटुंबांवर आहे ना मॅडम. आम्ही फक्त विज्ञान देतो."

"विज्ञान?" वैजयंतीचा आवाज चढला. "अरे, शंभरातल्या आठ चुका माहीत असूनही जे दिवा घालवतं, त्याला विज्ञान म्हणतात?"

"मॅडम, कार्ड घेताना तुम्ही भरलेला अर्ज बघतोय मी. 'आईच्या आधीच्या गर्भधारणा' या रकान्यात तुम्ही स्वतः 'निरंक' लिहिलंय. म्हणून वजावट झाली नाही. त्यात बदल असेल तर तुमची सही लागेल. आहे का बदल?"

तिनं फोन ठेवला. समोर कृष्णा-कोयनेचा संगम उन्हात पांढरा दिसत होता. निरंक. किती नीट अक्षरात लिहिलं होतं तिनं.

*

मंगळवारी संध्याकाळी श्रेयस आला. एकटाच आला हे उमेशला बरं वाटलं. त्यानं चहा पुढे केला.

"मला काही फरक पडत नाही गं," श्रेयस केतकीला म्हणाला. "खरंच. आपण सहा वर्षं ओळखतो एकमेकांना. पण आईला कागद हवा. एखाद्या मोठ्या लॅबचा. मग ती काही बोलणार नाही."

"आणि कागद नाही मिळाला तर?"

श्रेयस कपातल्या सायीकडे बघत राहिला.

"मी बोलतेय तुझ्याशी. फरक पडत नाही म्हणालास ना आत्ता?"

"मला नाही पडत. पण घरात राहायचंय ना आपल्याला."

वैजयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पुढे आली, खुर्ची ओढून बसली. तिला उभ्यानं बोलता आलं नसतं.

"कागद मिळेल," ती म्हणाली. "मी देते. केतकीच्या आधी मला एक मुलगा झाला होता."

तिनं बातमी सांगावी तसं सांगितलं. वय एकवीस, कोल्हापूर, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. वर्गातला एक मुलगा, जो कळल्यावर आठवड्यात गाव सोडून गेला. सोलापूरच्या मावशीकडे पाच महिने. अकरा ऑगस्ट २००५, पहाटे. तिसऱ्या दिवशी एका संस्थेची बाई आली आणि टॉवेलसकट घेऊन गेली. टॉवेल मावशीचा होता. मावशी नंतर म्हणाली होती, टॉवेल गेला. बस, एवढंच म्हणाली होती. पुढे पाच वर्षांनी लग्न, मग केतकी.

"त्याच्या पेशी माझ्यात राहिल्या होत्या. त्या केतकीत उतरल्या. कंपनी ताडून बघेल, तसा कागद देईल."

सगळ्यांत आधी श्रेयस बोलला. त्याचा चेहरा उजळला होता. "म्हणजे केतकी क्लिअर आहे!"

केतकीनं मान सावकाश त्याच्याकडे वळवली. "माझ्या आईनं आत्ता काय सांगितलं ते ऐकलंस तू?"

"ऐकलं ना. म्हणजे, वाईट झालं त्यांचं. पण म्हणजे तुझं काही—"

"चहा संपव."

"केतकी, मी काय म्हणतोय—"

"संपव आणि जा. अन्नाचा अपमान नको."

तो गेला. चपला घालताना त्यानं एकदा वळून पाहिलं. दार उमेशनं लावलं, आणि मग तो पाठमोराच उभा राहिला.

"अकरा ऑगस्ट," तो म्हणाला. "दर वर्षी त्या दिवशी तू रजा टाकून कपाटं आवरतेस. मी म्हणायचो, आवरायला काय, कधीही आवरता येईल."

"हो."

"म्हणून होय," एवढंच तो म्हणाला आणि आतल्या खोलीत गेला. पुढचे चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिनंही बोलावं अशी अपेक्षा ठेवली नाही.

केतकी मात्र तिथंच होती. "अर्जावर निरंक तू लिहिलंस."

"हो."

"कार्यालयात दोन्ही वेळा तुला माहीत होतं."

"पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा होतं."

"आणि दिसत नाही म्हणणारा आवाज पण तुझाच."

"हो."

"कमाल आहे आई तुझी. म्हणजे परीक्षक तू, साक्षीदार तू, आणि पेपर फोडायचा तर तोही तूच." केतकी हसली, पण ते हसणं बघवेना. "उद्या कागद आणशील. मी स्वच्छ, तू घाण. मग मसूरकरकाकू तुझ्या हातचं पाणी पितील की नाही याचा विचार करतील. छान. आणि तुला वाटतं मी तो कागद घेईन?"

"माझं काय व्हायचं ते होऊ दे. तुझं आयुष्य—"

"मला कागद नको. कागद घेतला की चाचणी खरी ठरते. मग ज्यांच्या आयांकडे सांगण्यासारखं काही नाही त्यांचं काय? आणि एखादीला खरंच दिवस गेले होते, तिचं काय? ती काय मेलेली बरी?" तिनं कार्यालयातून आणून टेबलावर ठेवलेला नारळ उचलून कोपऱ्यात आदळला. तो फुटला नाही, नुसता घरंगळला. "लहानपणी तू मला सहा बायकांची गोष्ट सांगायचीस. ती सांग."

"आत्ता?"

"आत्ता."

वैजयंतीनं सांगितली. अग्नीचं मन सप्तर्षींच्या बायकांवर गेलं. स्वाहा अग्नीवर भाळलेली. तिनं एकेका ऋषिपत्नीचं रूप घेतलं आणि सहा वेळा अग्नीला भेटली. सातवं रूप अरुंधतीचं, ते तिला घेता आलं नाही. पुढे बोभाटा झाला. सहा ऋषींनी आपापल्या बायका घराबाहेर काढल्या. त्या बायकांनी काहीच केलं नव्हतं. त्यांचं रूप घेऊन दुसरीच कुणी तिथं होती. त्या आकाशात दूर फेकल्या गेल्या आणि कृत्तिका झाल्या. म्हणून सप्तर्षी उत्तरेला आणि कृत्तिका पूर्वेला उगवतात. त्या सातांजवळ एकटी अरुंधती उरली.

"हे तू तारांगणात सांगत नाहीस."

"मंजूर संहितेत नाही. मुलांसाठी योग्य नाही म्हणून समितीनं काढलं. मीही होते त्या समितीत."

"बाकीच्या सहाजणींना हाकललं तेव्हा अरुंधती काय म्हणाली?"

वैजयंतीनं आठवून पाहिलं. तिला या गोष्टीची तीन रूपं पाठ होती. तिन्ही तिनं मनातल्या मनात चाळली. "काहीच नाही," ती म्हणाली. "कुठंच काही नाही."

"मला तसली अरुंधती नाही व्हायचं," केतकी म्हणाली. मग निराळ्या आवाजात, "माझ्यासाठी बोलणार असशील तर गप्पच राहा. पण तो आहे ना कुठंतरी. छत्तीस वर्षांचा. आणि थोडासा इथं." तिनं स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं, नाडी बघावी तसं. "त्याच्यासाठी एक शब्द बोलली नाहीस तू. अर्जावर निरंक केलंस त्याला."

वैजयंतीनं त्या मनगटाकडे पाहिलं. छत्तीस वर्षं तो कुठं असेल म्हणून ती गर्दीत चेहरे बघत आली होती. तो घरातच होता. तिनं त्याला जेवायला वाढलं होतं, तापात त्याच्या कपाळावर घड्या ठेवल्या होत्या.

*

रविवारी अकराचा खेळ. दोन शाळांची मुलं, पालक, काही जोडपी, मिळून चौसष्ट माणसं. यंत्रावर दस्तगीरभाई होते, वैजयंतीइतकेच जुने.

"दस्तगीरभाई, आज ध्वनिमुद्रण लावू नका. मी बोलणार आहे."

"मंजूर संहिता?"

"नाही."

"वरून विचारलं तर सांगू काय? मशीन बिघडलं?"

"सांगा तसं."

"माझं मशीन बिघडत नाही," दस्तगीरभाई म्हणाले. "मॅडम बिघडल्या म्हणून सांगेन." आणि त्यांनी दिवे मंद केले.

घुमटावर आकाश उमटलं. शेवटच्या रांगेत केतकी होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवर उमेश येऊन बसलेला वैजयंतीनं अंधारातही ओळखला.

तिनं सप्तर्षी दाखवले, वसिष्ठ दाखवला, त्याच्या खांद्याशी अरुंधती दाखवली. मग तिनं बाण पूर्वेकडे नेला, कृत्तिकांवर ठेवला आणि सहाजणींची गोष्ट सांगितली. मागून एका पालकानं "मुलं आहेत हो इथं," असं म्हटलं.

"मुलं आहेत म्हणूनच," वैजयंती म्हणाली. "यातल्या मुलींना पुढे एक कार्ड दाखवतील. त्यातला आवाज माझा आहे. ते वाक्य मी लिहिलंय. माझ्याकडे एका मुलीचं पत्र आहे, उंब्रजची आहे, नाव सांगत नाही. ती लिहिते, 'ताई, तुम्ही दिसत नाही म्हणालात तेव्हा माझा भाऊ माझ्या शेजारीच बसला होता. आम्ही जुळे आहोत. तीन आठवडे थांबा असं आम्ही हात जोडून म्हणालो. ते थांबले नाहीत.' दीड वर्ष झालं या पत्राला. मी तिला उत्तर दिलं नाही. त्या सहाजणींना हाकललं तेव्हा अरुंधतीही काही बोलली नव्हती."

तिनं बाण पुन्हा वसिष्ठावर आणला.

"दस्तगीरभाई, वसिष्ठ मोठा करा."

घुमटावर वसिष्ठ फुगत गेला आणि एकाचे दोन झाले. दोघांचे चार झाले. मुलांनी 'आँ' केलं.

"साध्या डोळ्यांना वसिष्ठ एक दिसतो. चार तारे आहेत ते. आता अरुंधती."

ती मंद तारका मोठी होत गेली. पांढरी, शांत, एकटी. मग तिच्या कडेला, अगदी बिलगून, एक बारीक तांबडा ठिपका दिसू लागला.

"हिच्याजवळ हा दुसरा तारा आहे, लहान आणि तांबूस. हजारो वर्षं माणसं हिच्याकडे बोट दाखवत आली, पण तो कुणाला दिसला नाही. २००९ साली दुर्बिणीनं दाखवला. वसिष्ठाचे चार आणि हिचे दोन, एकूण सहा. ज्या अरुंधतीला शुद्ध, एकटी म्हणून नवरीला दाखवतात, तिच्या उजेडात सतत दुसऱ्या कुणाचा तरी उजेड मिसळलेला आहे. तिला या कार्डावर बसवलं तर कार्ड काय म्हणेल? माझ्याच आवाजात म्हणेल, अरुंधती दिसत नाही. अरुंधतीच या चाचणीत नापास होईल."

एक मुलगी हसली.

वैजयंतीनं ध्वनिक्षेपक दुसऱ्या हातात घेतला. "मी एका अर्जावर खोटं लिहिलं होतं. ते इथं दुरुस्त करते, कारण कंपनीच्या कागदावर करायचं नाही. मला दोन मुलं आहेत. मोठा मुलगा अकरा ऑगस्ट दोन हजार पाचचा. मला त्याचं नाव माहीत नाही. मुलगी शेवटच्या रांगेत बसली आहे. ती कुणाला काही सिद्ध करून दाखवणार नाही."

घुमटावर तो तांबडा ठिपका तसाच होता. शेवटच्या रांगेत कुणीतरी नाक शिंकरलं. उमेश होता तो. त्याला नेहमीच मोठ्यानं शिंकरायची सवय.

*

माणसं बाहेर पडत असतानाच वैजयंतीचा फोन वाजला. मसूरकरांच्या नात्यातलं कुणीतरी आत होतं आणि त्यानं सगळं थेट दाखवलं होतं. अंजलीताईंचा आवाज मऊ होता.

"विहीणबाई, बघितलं आम्ही. तुमचं तुमच्यापाशी, आम्हाला त्यात पडायचं नाही. पण मुलगी निर्दोष आहे, कळलं. आता आमच्या मनात काही नाही. तारीख धरू या."

केतकीनं आईच्या हातातून फोन घेतला.

"काकू, केतकी बोलतेय. तुमच्या मनात काही नाही, चांगलंय. माझ्या रक्तात माझा भाऊ आहे. त्याला विचारते आणि कळवते." पलीकडून काहीतरी बोलणं सुरू झालं. "नाही काकू, लगेच नाही. आधी त्याला शोधायचाय. तुम्ही थांबू नका. तुमच्याकडे थांबायची पद्धत नाही, माहीत आहे मला."

तिनं फोन बंद करून आईच्या हातात दिला. उमेश जिन्याशी उभा होता. तो वैजयंतीकडे न बघता म्हणाला, "सोलापूरची ती संस्था. नाव आठवतंय का?"

"आठवतंय."

"लिहून दे," तो म्हणाला, आणि खिशातला चित्रांसाठीचा बोटभर पेन्सिलचा तुकडा काढून त्यानं तिच्यापुढे धरला.

तिनं तिकिटाच्या मागे नाव लिहिलं. बाहेर दुसऱ्या खेळाची रांग लागली होती. पहिल्या खेळातल्या चार-पाच बायका घरी गेल्याच नव्हत्या. त्या परत रांगेत येऊन उभ्या होत्या, एकमेकींशी न बोलता.

दस्तगीरभाईंनी दारातून डोकं काढलं. "मॅडम, बाराचा खेळ. वरून दोन फोन येऊन गेले. ध्वनिमुद्रण लावा म्हणतात."

"नको," वैजयंती म्हणाली. "दिवे घालवा."